केवल मूल्य

राजनंदिनीने परीक्षेच्या हॉलमध्ये येऊन मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा धम्मशीला पुरवण्या मोजत होती. सतराव्या पुरवणीला तिचा आकडा चुकला. "हेच ना गं तुझं?" राजनंदिनी कुजबुजली. ती वनस्पतीशास्त्र शिकवायची आणि देखरेखीच्या कंटाळ्यावर उपाय म्हणून हॉलाहॉलातून फिरत राहायची. मोबाइलवर कुठल्याशा पोर्टलची बातमी होती. 'अंतराळात अदृश्य पदार्थ नाहीच? आइन्स्टाईनचेच समीकरण पुरेसे. परदेशी शास्त्रज्ञांचा खळबळजनक दावा.' खाली दीर्घिका म्हणून शनीचा फोटो. धम्मशीलाला आधी त्या फोटोची किळस आली. अब्जावधी ताऱ्यांच्या जागी या लोकांना साडेसातीवाला शनी चालतो, कारण वाचणाऱ्यालाही तोच चालतो. मग तिने दुसऱ्यांदा मथळा वाचला आणि जिना संपलाय असं समजून टाकलेला पाय आणखी एका पायरीने खाली जावा तसं काहीतरी तिच्या छातीखाली झालं. समोर चाळीस पोरं एकमेकांच्या पेपरात बघून लिहीत होती. तिने त्यांना कधीच अडवलं नव्हतं. अडवावं इतकंही तिला त्यांच्याबद्दल वाटत नव्हतं. "हो," ती म्हणाली, "माझंच." आणि पुरवण्या पुन्हा एकपासून मोजायला घेतल्या.

प्रश्न तसा साधा होता. सूर्याच्या जवळचा ग्रह पळतो, लांबचा रेंगाळतो. दीर्घिकेच्या काठावरच्या ताऱ्यांनीही असंच रेंगाळायला हवं. पण ते आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने पळतात. दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांची, वायूची, धुळीची ओढ एकत्र केली तरी त्यांना धरून ठेवायला ती पुरत नाही. ते केव्हाच उधळून जायला हवे होते. म्हणून शहाण्यांनी ठरवलं, की तिथे न दिसणारं काहीतरी भरपूर पसरलेलं आहे, आणि त्याला डार्क मॅटर असं नाव दिलं. धम्मशीलाला पुण्यातल्या संशोधनसंस्थेत पहिल्याच वर्षी हे ऐकून हसू आलं होतं. उत्तर येईना म्हणून उत्तराच्या मापाचा पदार्थ शिवून घ्यायचा. तिचं म्हणणं असं होतं, की ही सगळी मंडळी दीर्घिकेचं गणित न्यूटनच्या जुन्या नियमाने करतात. आइन्स्टाईनची समीकरणं किचकट, आणि दोन्हींच्या उत्तरांत फरक नगण्य येतो असं त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलेलं. फिरणारं वस्तुमान आजूबाजूचं अवकाशसुद्धा आपल्याबरोबर थोडं ओढून फिरवतं, हे न्यूटनला माहीत नव्हतं. ते धरून पूर्ण समीकरण सोडवलं तर काठावरच्या ताऱ्यांचा वेग आपसूक बरोबर येतो, न दिसणारं काही लागत नाही. असं तिने तेवीस पानांत करून दाखवलं होतं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला वाटायचं, की खरं असलेलं खरं म्हणून मान्य होतं.

ती तेवीस पानं घेऊन ती संस्थेच्या शुक्रवारच्या चर्चेत उभी राहिली होती. मागच्या भिंतीला टेकून तिचा गाईड बसला होता. बाकी विद्यार्थ्यांना तो अरेतुरे करायचा, तिला अहोजाहो. तो आदर नव्हता, अंतर होतं, हे कळायला तिला दोन वर्षं लागली होती. दहाव्या मिनिटाला त्याने चष्मा काढला, डोळे चोळले आणि तो हसला. मोठ्याने नाही. बशीतला चहा संपत आल्यावर होतो तेवढाच आवाज. "धम्मशीला, तुम्हा लोकांना पायऱ्या चढायच्याच नसतात ना," तो म्हणाला. "थेट गच्ची." खोलीतले वीसबावीस जण हसले. प्रश्न कुणी विचारला नाही. चूक कुणी दाखवली नाही. पुढचा मुलगा आपला लॅपटॉप जोडायला उठला. नंतर कँटीनमध्ये एक मैत्रीण समजावत राहिली, अगं तो सगळ्यांनाच म्हणतो, तुम्हा लोकांना म्हणजे तुम्हा आजकालच्या मुलांना. धम्मशीलाने तिच्याकडे बघितलं. ते दोन शब्द समजून घ्यायची वेळ कुणावर आयुष्यभर येत नाही आणि कुणाला ते जन्मल्यापासून पाठ असतात. आठवडाभराने ती परभणीला परत आली. प्रबंध दिला नाही. नेट पास होतीच, तेवढ्यावर वसमत रोडवरच्या या कॉलेजात लागली, आणि तिच्या नावापुढे डॉक्टर लागलं नाही ते नाहीच.

त्यानंतरची अकरा वर्षं तिने तिरस्कारावर काढली होती आणि ती काही वाईट गेली नव्हती. तिरस्कार माणसाला सकाळी वेळेवर उठवतो. स्टाफरूममध्ये ज्यांच्या नावापुढे डॉक्टर होतं त्या सगळ्यांचे प्रबंध तिने ग्रंथालयातून काढून वाचले होते. एकाने चाळीस विहिरींच्या पाण्याचा आम्लपणा मोजून दोनशे पानं भरली होती आणि शेवटी लिहिलं होतं, की पाणी उकळून प्यावं. ती त्याच्याशी रोज हसून बोलायची आणि मनात त्याला रोज नापास करायची. लग्नासाठी बघायला आलेला मानवतचा एक बँकेतला कारकून म्हणाला होता, "आकाशातलं म्हणजे राशीभविष्याचं पण येतं का तुम्हाला?" तिने स्थळं आणणाऱ्या बायनाबाई मावशींमार्फत नकार कळवला आणि पुढचे दोघे न बघताच नाकारले. आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यांत उंच जागी, तो पुण्यातला गाईड होता. समोर ठेवलेलं बरोबर उत्तर ज्याला ओळखता आलं नाही असा माणूस. अडाण्याचा तिरस्कार करून हाती काही लागत नाही. पण शिकलेल्या, नावाजलेल्या माणसाच्या अडाणीपणाचा तिरस्कार वर्षानुवर्षं पुरतो. ती परत आली तेव्हाच अण्णा, म्हणजे तिचे वडील सटवाजी गुरुजी, गावात, चारठाण्याच्या पारावर सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते: "तिकडं वरी दिसत न्हाई आसं काई न्हाईच, आसं माझ्या पोरीनं काढलंय. त्यायला ते सोसलं न्हाई." ज्यांना ते सांगितलं त्यांना वरी काय आहे नि काय नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण 'सोसलं न्हाई' एवढं सगळ्यांना कळलं होतं.

दुपारपर्यंत बातमी कॉलेजभर झाली. राजनंदिनीचं तोंड. तीन वाजता नागेश आला, एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर, त्याने मांडीवर वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, डार्क मॅटर मंजी काळा पदार्थ ना? कोळशासारखा?" चार वाजता कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव स्वतः तिच्या विभागात आले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच या मजल्यावर चढले होते. चौथ्या वर्षी तिने अर्धवट संशोधन पूर्ण करायला रजा मागितली होती, तेव्हा याच माणसाने अर्जावर एकही शब्द न लिहिता तो परत पाठवला होता. आता ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "आमी पहिल्यापासून म्हणायलोत, मॅडमच्या डोक्यात लय काही हाय. शनिवारी सत्कार ठेवू. अकरा वाजता. पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी यायलीय, त्येच्या आदी पेपरात आलं पाहिजे." नागेशने मथळासुद्धा ठरवून टाकला होता: 'परभणीच्या कन्येने अकरा वर्षांपूर्वीच ओळखले होते.' धम्मशीलाला दोघांचीही शिसारी आली आणि तरी तिला तो सत्कार हवा होता. हे तिने स्वतःशी मान्य केलं. ज्यांची तिला एवढीशीही किंमत नव्हती त्यांच्या हातून शाल घ्यायची आणि ती पुण्यात कुणालातरी दिसावी असं वाटायचं, म्हणजे काय दर्जाची बाई आहोत आपण, असं तिच्या मनात आलं. पण नको ती म्हणाली नाही.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. कुणीतरी त्यांना बातमी वाचून दाखवली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते मोबाइल वाचत नसत. "मी म्हनलो न्हवतो?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "शनिवारी मी येतो. एकटाच येतो. गावातले लोक आनले तर ते चाय-नाष्ट्यातच ऱ्हातेत. काय बोलायलीस ते लिहून ठेव. उगं तोंडानं बोलू नकू. आकडे चुकतेत." तिला हसू आलं. माणसांबद्दलची ही तुच्छता तिला त्यांच्याकडूनच मिळाली होती. ते ती तब्येतीसारखी सांभाळत.

गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी आठलाच ऊन खिडकीच्या गजावर चढलं होतं आणि रस्त्यावरून सरकीची पोती भरलेल्या गाड्या मानवतकडून येत होत्या. धम्मशीलाने पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली, प्रमाणपत्रांच्या खालून ती तेवीस पानं काढली आणि टेबलावर पसरली. शेजारी त्या परदेशी दोघांचा लेख छापून ठेवला होता. आधी तिने तो वाचला. त्यांची वाट वेगळी होती. ती बरोबर की चूक हे ठरवायला तिला काही महिने लागले असते. वाचता वाचता एकदोन ठिकाणी तिच्या भुवया वर गेल्या, पण तेवढ्यावरून निकाल देता येत नव्हता. मग तिने स्वतःचं काढलं. अकरा वर्षांत तिने ते एकदाही वाचलं नव्हतं. पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू माणूस उघडून बघत नाही. अक्षर तरुण होतं, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं. तिला त्या मुलीबद्दल माया वाटली. पहिली सहा पानं तिने सरळ वाचत नेली. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं.

दीर्घिका ही चपटी थाळी. थाळीच्या वर जेवढं अंतर तेवढंच खाली, दोन्हीकडे चित्र सारखंच, म्हणून त्या मुलीने अंतराचं केवल मूल्य घेतलं होतं. शाळेत शिकवतात तेच: उणे असो की अधिक, चिन्ह पुसून टाकायचं, उरेल तो आकडा घ्यायचा. त्याने गणित सुटसुटीत झालं होतं. पण चिन्ह पुसलं की थाळीच्या बरोबर मध्यावर एक घडी पडते. वरून उतरत आलेला उतार आणि खालून चढत आलेला उतार तिथे सलग जुळत नाहीत, छपराच्या आढ्याशी दोन पाखी मिळतात तसे टोक करून मिळतात. आणि गुरुत्वाच्या समीकरणात टोक फुकट येत नाही. जिथे टोक तिथे वस्तुमान. त्या मुलीने बाकी सगळीकडचं वस्तुमान मोजलं होतं, त्या घडीतलं मोजलं नव्हतं. धम्मशीलाने पेन्सिल घेतली. तिला वाटलं, असेल थोडंसं. पंख्याने पानं उडत होती, तिने त्यावर तांब्या ठेवला. दुपारी एकच्या सुमाराला उत्तर आलं आणि तिने ते तीनदा तपासलं. त्या घडीत, थाळीच्या पोटात, न दिसणारं एक पातळ पटल दडलेलं होतं, आणि ते तिने दीर्घिकेतून हाकलून दिलेल्या डार्क मॅटरच्या तोडीचं होतं. तिने ते पुढच्या दाराने बाहेर काढलं होतं आणि सातव्या पानावर मागच्या दाराने आत घेतलं होतं. मग तिने सरळ साधा अंदाज करून पाहिला, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. ताऱ्यांचा वेग सेकंदाला दोनशे किलोमीटर, प्रकाशाचा तीन लाख. भागाकार करा, वर्ग करा. तिच्या मार्गाने आइन्स्टाईनमुळे पडणारा फरक साधारण बावीस लाखांत एक. इतक्या फरकाने काठावरचा एकही तारा धरून ठेवता आला नसता. नगण्य. गुरूंनी सांगितलेला शब्द बरोबर होता. तिने जेवायला घेतलं नाही. ती पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती लाज, अंगभर, घामासारखी. आणि त्या लाजेच्याही खाली एक बारीक, न शोभणारी भीती: आता सकाळी कशाच्या जोरावर उठायचं.

शुक्रवारी मधल्या तासाला ती प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत गेली आणि तिने पुण्याचा नंबर लावला. हा नंबर तिने तीन मोबाइल बदलले तरी पुसला नव्हता. गाईड आता निवृत्त झाला होता हे तिला माहीत होतं. फोन लगेच उचलला गेला. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. "आठवतंय की," आवाज मऊ झाला होता, वयाने. "तुमचीच आठवण काढत होतो. ती बातमी कुणीतरी पाठवली मला. म्हटलं, आमच्या परभणीच्या बाईंचं दैव उघडलं." धम्मशीला म्हणाली, "सर, माझ्या गणितात चूक होती. सातव्या पानावर." तिला वाटलं आता शांतता पडेल. पडली नाही. "हो, ते केवल मूल्य," तो म्हणाला, किराण्याच्या यादीतला जिन्नस सांगावा तसा. "मधल्या पातळीवर घडी पडते. नवशिक्यांची चूक आहे ती." सामानाच्या खोलीत तुटक्या तराजूंवर धूळ बसलेली होती. तिने एका पारड्याला बोट लावलं. "तुम्हाला कधी कळलं, सर?" "तेव्हाच. तुम्ही फळ्यावर लिहिलंत तेव्हाच दिसली मला." "मग सांगितली का नाही?" आता मात्र तो थांबला. लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, तो खरंच आठवून बघत होता, असं तिला वाटलं. "काय आहे, धम्मशीला," तो म्हणाला, "सगळ्यांना सगळं सांगत बसायला वेळ कुठे असतो. जे टिकणार असतात त्यांच्यावर आपण कष्ट घेतो. तुम्ही काही टिकणाऱ्यांतल्या वाटला नाहीत. आणि बघा, गेलातच." मग त्याने तिकडे ऊन कसं आहे ते विचारलं. तिने सांगितलं, चाळीसच्या वर आहे.

फोन ठेवल्यावर ती तिथेच एका खोक्यावर बसली. अकरा वर्षं तिने या माणसाला चुकीच्या कारणासाठी तुच्छ मानलं होतं. त्याला कळलं नाही म्हणून. त्याला सगळं कळलं होतं. खडू हातात घ्यायचा, सातव्या पानावर एक गोल काढायचा, पाच मिनिटं. मग तिने कदाचित दुसरं काहीतरी केलं असतं, कदाचित तीन वर्षं घालून या घडीतूनच वाट काढली असती, कदाचित तेही जमलं नसतं. पण ती चूक तिची झाली असती, तिच्या हातात असती. ती पाच मिनिटं तिच्यावर खर्चण्यासारखी नाहीत असं त्याला बघताक्षणी वाटलं, आणि कशावरून वाटलं ते त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तो बरोबर होता आणि तो हलकट होता. दोन्ही वाक्यं तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकाने दुसरं पुसलं जाईना. तास संपल्याची घंटा झाली, तशी ती उठून वर्गावर गेली.

शनिवारी सभागृहात अडीचशे लोक होते, त्यातले दोनशे हजेरीच्या धाकाने आलेले. व्यासपीठामागच्या बॅनरवर तिच्या फोटोशेजारी रॉकेट उडत होतं. अण्णा पहिल्या रांगेत, पांढऱ्या कडक शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, व्यंकटरावांचं वीस मिनिटांचं भाषण झालं, ज्यात आइन्स्टाईन दोनदा आणि संस्थेची नवी इमारत सहादा आली. मग धम्मशीला उठली आणि तिने फळा मागितला. शिपाई पप्पूने बाजूच्या वर्गातून चाकांचा फळा ढकलत आणला, त्याचं एक चाक ओरडत होतं. "तुम्ही ज्यासाठी माझा सत्कार केलात ते चुकीचं आहे," ती म्हणाली. "परदेशातल्या लोकांचं काय आहे ते मला अजून माहीत नाही. माझं चुकीचं आहे. कुठे चुकलं ते दाखवते." तिने थाळी काढली, दोन उतार काढले, मधलं टोक काढलं, त्याभोवती गोल केला. ती घाई न करता बोलली. आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटतोय हे तिच्या लक्षात आलं. या सभागृहात ती इतकी वर्षं जो आवाज वापरत आली होती तो हा नव्हता. मागच्या बाकांवर मोबाइल चालू होते. नागेश लिहायचं थांबून पेनाचं टोपण चावत होता. अण्णा पुढे झुकले होते. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून ते फळ्यावरचं टोक बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की त्या अडीचशे लोकांत फक्त त्यांनाच कळलंय. ती बसली. व्यंकटराव उठून पुन्हा माइकपाशी गेले. "बगा," ते म्हणाले, "एवढं मोठं काम करून बी मॅडम म्हन्तेत माझं चुकलं. ह्येला म्हन्तेत मोठेपणा." सभागृहाने कडाडून टाळ्या वाजवल्या. तिला व्यंकटरावांचा रागही आला नाही. रागासाठी समोर कुणीतरी असावं लागतं. पायऱ्यांवर नागेशने गाठलं. "मॅडम, चूक होती हे छापू का?" "छापा." तो अवघडला. "तसं छापलं तर मग बातमीच ऱ्हात न्हाई." दुसऱ्या दिवशीच्या अंकात मथळा त्याने आधी ठरवला होता तोच आला.

अण्णा जेवायला थांबले नाहीत. ती त्यांना रिक्षाने एसटी स्टँडवर घेऊन आली. रिक्षात ते मांडीवर तिची शाल आणि नारळ धरून बसले होते. जालन्याची गाडी लागायला अजून अर्धा तास होता. बाकावर सावली होती पण बाक तापलेला होता. एक बाई पोराला उसाचा रस पाजत होती. अण्णा फलाटाकडे बघत म्हणाले, "अकरा वर्सं मी लोकायला सांगत फिरलो."

"माहीत हाय, अण्णा."

"आता काय सांगू?"

"चुकलं होतं म्हणून सांगा."

तिला त्यांच्या मानेवरची शीर हललेली दिसली. सत्तरीच्या माणसाकडून आपण काय काढून घेतलं ते तिला दिसलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली. मग त्यांनी विचारलं, "तुला तवा कळलं न्हवतं, हे ठीक हाय. त्या तुझ्या सरला बी कळलं न्हवतं का?"

हे ती सांगणार नव्हती. पण त्यांनी सरळ विचारलं होतं. "त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "मी काल फोन केला. फळ्यावर लिहिलं तवाच दिसलं म्हणाला."

"आन् सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"हसला नुसता."

"हो."

अण्णांनी नारळ बाकावर ठेवला. तो घरंगळू नये म्हणून त्याला शाल लावली. हे सगळं त्यांनी सावकाश केलं. "मी बत्तीस वर्सं शिकवलं," ते म्हणाले. "चारठाण्यात, मग राणीसावरगावला, मग परत चारठाण्यात. राणीसावरगावला एक जन व्हता, मला गुर्जी म्हनत नसं, नुस्तं सटव्या म्हनं. त्येच्या घरी पानी वरून वाढायचे, वंजळीत. त्येचं पोट्टं माझ्याच वर्गात. ढ व्हतं, माजलेलं व्हतं. पर त्येच्या वहीत गलती दिसली आन् मी लाल पेन लावला न्हाई, आसा एक दिवस सांग मला. एक बी न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. ते फलाटावर लागणाऱ्या गाडीची पाटी वाचायचा प्रयत्न करत होते. "दिसली आन् सोडून दिली," ते म्हणाले, "आन् त्येला तिकडं मास्तर म्हन्तेत."

त्यांनी ते अशा स्वरात म्हटलं, की तिच्या अकरा वर्षांच्या तिरस्काराला तिथवर कधी पोचता आलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिला तिच्या वर्गातली, राणीसावरगावचीच निकिता आठवली. जानेवारीत प्रयोगांचं जर्नल घेऊन आली होती, दारातच उभी राहिली. "मॅडम, लंबकावरून जी ची किंमत नऊ पूर्णांक आठ यायला हवी, नऊ पूर्णांक एकच येते. चार वेळा केलं." धम्मशीलाने वहीकडे पाहिलं होतं, टेबलापलीकडूनच. पोरीने दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता त्याच्या वरच्या हुकापर्यंतच मोजली होती. ते दिसायला एक सेकंद लागला होता. पाच मिनिटं काय, एक वाक्य पुरलं असतं. ही कुठे टिकणार आहे, असं तिच्या मनात शब्दांत आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं. "येतं तसं, लिही," म्हणून तिने तारीख घालून सही केली होती, आणि पोरगी "थँक्यू मॅडम" म्हणून गेली होती.

गाडी लागली. अण्णांनी खिडकीची जागा धरली, तिने शाल आणि नारळ वर दिला. कंडक्टर दार ओढत होता. अण्णा खिडकीतून वाकून म्हणाले, "आन् तू लाज धरू नकू. फळ्यावर सांगितलंस. लय झालं." तिला तेव्हा निकिताचं सांगता आलं असतं. एवढ्याशा वेळात ते बसलं असतं. सकाळी अडीचशे लोकांसमोर तिने आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक न अडखळता सांगितली होती. तिने गजावरच्या त्यांच्या बोटांवर हात ठेवला आणि म्हणाली, "जिंतूरला गाडी थांबली की पाणी घ्या, अण्णा."